मायाक्काच्या नावानं

मी अठरा वर्षं बायकांची लघवी मोजली. चारचौघांत हे असं बोलता येत नाही, म्हणून कुणी विचारलंच तर "देवस्थळी डॉक्टरांच्या लॅबोरेटरीत असिस्टंट होतो" एवढंच सांगून मी विषय बदलतो. नाव यज्ञेश्वर पुराणिक आणि धंदा हा. आमच्या वडिलांनी नाव ठेवताना एवढा लांबचा विचार केला नसावा.

डॉक्टर मुकुंदराव देवस्थळी मुंबईत आणि पुढे व्हिएन्नात शिकून आले आणि सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांनी बायकांचा दवाखाना काढला. मी तेव्हा इंटर सायन्सला दोनदा आपटून घरी बसलो होतो. हात स्थिर आहे आणि अक्षर चांगलं आहे, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं.

काम असं. बाईला दिवस राहिले की तिच्या लघवीत एक रस उतरतो. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणत, मी रसच म्हणे. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्या काळी तो ओळखायला सशाच्या मादीशिवाय दुसरा उपाय आमच्यापाशी नव्हता. तीन आठवडे एकटी ठेवलेली मादी घ्यायची, तिच्या कानाच्या शिरेत ती लघवी टोचायची, दोन दिवस थांबायचं आणि मग तिला मारून पोट उघडायचं. बीजकोशांवर रक्ताचे ठिपके उठले असतील तर रस आहे, नसतील तर नाही. रस किती आहे हे काढायचं तर लघवीत पाणी घालत जायचं, पन्नास पट, शंभर पट, दोनशे पट, आणि दर पायरीला नवी मादी. ठिपके जिथे थांबले तिथे मोजमाप संपलं. सोलापुरात हे करणारा माझ्या माहितीत मी एकटा होतो आणि मला त्याची घमेंड होती.

घरी मात्र माझी बायको अनसूया मागच्या दाराशी बादली भरून ठेवी. अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. "अगं, हे शास्त्र आहे," मी चिडून म्हणायचो. "असू दे शास्त्र. आधी अंगावर पाणी घ्या," ती म्हणायची. आणि मी घ्यायचो. रोज घ्यायचो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे मला जे सुचायला हवं होतं ते सुचलं नाही आणि त्याला सबब नाही.

मायाक्का आली सदतीस सालच्या श्रावणात. सांगोल्याकडच्या माळावरची धनगराची बाई, पंचविशीतली. बरोबर नवरा गुंडा, उंच, खांद्यावर घोंगडं. आणि थोरली जाऊ केराबाई. केराबाईचा नवरा ज्ञानबा मेंढरं घेऊन लांब गेलेला, त्यामुळे घरात कर्ती तीच. मायाक्काच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. चौथा महिना, पण पोट सातव्याएवढं. वस्तीवर सगळे म्हणत होते, जुळं आहे. मायाक्का स्वतःही हसून म्हणाली, "नऊ वर्सांचं एकदम द्याया लागलाय द्येव."

डॉक्टरांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. आत ठोके नव्हते. थोडंथोडं रक्त जात होतं, उलट्या थांबत नव्हत्या. त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि मला म्हणाले, "पुराणिक, नुसत्या लघवीवर थांबू नका, दोनशे पटीपर्यंत करा."

म्हणजे तीन माद्या, नुसती, शंभर पट आणि दोनशे पट. ते दोन दिवस मायाक्का खाटेवर टिकलीच नाही. मागच्या पडवीत पिंजऱ्यांपाशी येऊन बसायची, लसूणघास एकेक काडी आत सारायची आणि मला प्रश्न विचारून भंडावायची. ही हितं एकलीच का, हिला न्हवरा न्हाय का, हिला दुकतंय का. मी आधी तुटक बोललो, मग बोलायला लागलो. तिसऱ्या दिवशी मला काय करायचंय ते तिला कळलं, तेव्हा तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"माज्यापायी तीन जीव जानार व्हय?"

"सगळ्यांसाठीच जातात."

"आमच्यात ससा मारून खात्यात," ती म्हणाली. "आता न्हाय खानार. ह्यास्नी बी सांगती." आणि तिने खरंच त्याच संध्याकाळी गुंडाकडून बिरोबाची शपथ घेववली. तो बिचारा माझ्याकडे बघून लाजला.

तिन्ही माद्यांच्या बीजकोशांवर ठिपके होते. नुसत्या लघवीने येणारच, पण दोनशे पट पाणी घालूनही गडद लाल ठिपके. साध्या गर्भाला एवढा रस नसतो. गुंडा दारात उभा होता, म्हणाला, "बगू का?" मी नको म्हणायला हवं होतं, पण त्याने वाकून असं पाहिलं की मलाच बरं वाटलं. मेंढ्यांत जन्म गेलेला माणूस. कोणता अवयव काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. "ठिपकं हायती," तो म्हणाला. "मंजी हाय की." त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी पुसायला गेलो नाही. ते काम डॉक्टरांचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं. पोटात मूल नव्हतं. द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याचे फोड वाढले होते, त्यालाच हा एवढा रस सुटत होता. ते काढावं लागलं आणि काढलं. मायाक्का रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, एवढंच.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "ह्या आजाराचं मूळ कधीकधी मागे राहतं आणि ते पसरलं तर बाई जाते. वर्षभर दर महिन्याला तिची लघवी तपासली पाहिजे. रस परत दिसला की त्याच दिवशी इथे आणायचं, गर्भाशय काढू, जीव वाचेल. वर्ष कोरडं गेलं तर पुढे मूल व्हायला हरकत नाही. तुम्ही समजावा, तुमचं बोलणं त्यांना कळतं."

मी समजावलं. गुंडाने मान हलवली, मायाक्काने ऐकलं, पण केराबाईला पटेना. एवढ्या लांबून बाटली कशाला आणायची, आणि सशाला काय कळतंय. मला गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तीन पिंजरे धुवायचे होते. मी वैतागून म्हणालो, "बिरोबाला कौल लावता ना तुम्ही? पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. हा डॉक्टरांचा कौल समजा. ससा खोटं बोलत नाही."

केराबाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आसं सांगा की मग." डॉक्टर दारातून ऐकत होते, त्यांनीही हसून मान डोलावली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी जाऊन मी ते अनसूयेला अंघोळीआधीच सांगितलं.

मग दर महिन्याला गुंडा यायचा. सकाळची पहिली लघवी, मी दिलेल्या बाटलीत, नासू नये म्हणून तळाशी औषधाचे चार थेंब, घोंगड्यात गुंडाळलेली. मंगळवेढ्यापर्यंत पायी, पुढे सर्व्हिस मोटार. मोटारीत तो बाटली मांडीवर धरून बसायचा. शेजारच्याने विचारलं तर "औशिद हाय" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी ठिपके बघूनच परत जायचा.

पहिल्या महिन्याला ठिपके आले, पण फिकट. दुसऱ्याला एकच, शोधावा लागला. तिसऱ्याला काही नाही. बीजकोश स्वच्छ, पांढरे. गुंडाने ते डोळे भरून पाहिले आणि मला म्हणाला, "हितनं म्होरं बाटल्या किती ऱ्हायल्या? नऊ हायती नव्हं अजून?" मी म्हणालो, "नऊ." तो बोटं मोजत गेला.

माझ्या नोंदवहीत दर बाटलीला चार रकाने होते. रंग, घनता, ठिपके आणि रक्तस्राव. चौथा रकाना डॉक्टरांनी मुद्दाम आखून दिला होता. पहिल्याच खेपेला मी गुंडाला विचारलं, "बाईंना मधेच कधी रक्त जातं का?" तो खाली बघायला लागला. मीही बघायला लागलो. "बायकांचं बायकास्नी ठावं," तो पुटपुटला. दोन पुरुष सशाच्या फाडलेल्या पोटावर वाकून तासभर बोलू शकत होते, पण ह्या एका प्रश्नाला दोघांची दातखीळ बसली. मी रकान्यात "नाही" लिहिलं. त्यानंतर मी विचारलं नाही. "नाही" मात्र दर महिन्याला लिहीत गेलो, चांगल्या अक्षरात.

चौथ्या बाटलीचा रंग जरा गडद होता, घनताही वेगळी. मी ती नोंदवली. पाणी कमी पीत असेल, असं वाटलं. ठिपके नव्हते. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, सगळ्या कोऱ्या. सातव्या खेपेला गुंडाने मला एक काळं घोंगडं आणून दिलं, मायाक्काने निवडलेल्या लोकरीचं. "बारावी बाटली झाली की तुमी जेवाया याचं वस्तीवर," तो म्हणाला. "ससा न्हाय बरं का," आणि स्वतःच हसला. मी डॉक्टरांना दर महिन्याला वही दाखवायचो, ते सही करायचे. "छान," म्हणायचे. खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत मी सुखी होतो. पहिल्यांदा माझ्या हातून कुणाचं तरी काही भलं होतंय, असं मला वाटत होतं.

नवव्या बाटलीच्या वेळी बाटली आली नाही, मायाक्काच आली. वैशाखातली दुपार होती. गुंडाने तिला मोटारीतून उचलून आत आणलं. मागून केराबाई. मायाक्काला मी ओळखलं नाही. गालाची हाडं वर आलेली, ओठ पांढरे, आणि खोकली की पदराला रक्त.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन माझ्यापुढे उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "नर्सला समोर घ्यायला सांगितलंय नमुना. पाचशे पटीपर्यंत लावा."

दोन दिवसांनी मी पोटं उघडली. नुसती, दोनशे पट, पाचशे पट. तिन्हींवर ठिपके, गच्च, एकाला लागून एक. माझ्या अठरा वर्षांत एवढा रस मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"छातीत पोचलंय," डॉक्टर म्हणाले. "तीन-चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर गर्भाशय काढून वाचवली असती. पुराणिक, तुमच्या हातून बाटल्या बदलल्या."

"माझ्या हातून नाही," मी म्हणालो. मी ओरडलोच. आठ महिन्यांत दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाटलीची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, तो गठ्ठा मी टेबलावर आदळला. त्यांनी सगळ्या पाहिल्या. एकही चूक नव्हती. मग त्यांनी वही उघडली आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही दर वेळी विचारलंत?"

मी चिठ्ठ्या गोळा करायला लागलो. त्यांनी वही मिटली. ते पुढे काही बोलले असते तर बरं झालं असतं. कदाचित त्यांना आठवलं असेल की आठ महिन्यांत त्यांनीही तिला एकदाही बोलावून तपासलं नव्हतं. सशावर आमचा दोघांचाही फार विश्वास.

मी तडक मागच्या पडवीत गेलो. केराबाई रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसली होती. प्रश्न अखेर विचारला. नऊ महिन्यांपूर्वी विचारायचा होता तोच.

"मायाक्काला मधे रक्त जात होतं का?"

"व्हय की," ती म्हणाली. "मार्गेसरात सुरू झालं. सारकीच भाईर बसायची. चार दिस आत, पंदरा दिस भाईर. आमी म्हनलं, नऊ वर्सांचं आंग मोकळं हुतंय."

"मग बाटली?"

"तिला कुटं चालतंय इटाळात? कौल लावायचा म्हंजे काय थट्टा हाय?" केराबाईने माझ्याकडे असं पाहिलं की एवढी साधी गोष्ट मला कशी माहीत नाही. "आमच्यात बाई भाईर बसली की घरची दुसरी बाई तिच्या नावानं कौल लावती. मी दिलं. पाच डाव दिलं. न्हाऊन, उपाशी, उगवतीकडं तोंड करून, बाटली हातात घिऊन मायाक्काचं नाव घेतलं तवाच भरली. एकदा बी चुकली न्हाय."

पाचही वेळा माझं मोजमाप बरोबर होतं. सशाने पाचही वेळा खरं सांगितलं होतं, केराबाईला दिवस गेलेले नाहीत, केराबाई ठणठणीत आहे.

मी पिंजऱ्याला धरून उभा राहिलो. राग कुणावर काढायचा हे शोधत होतो आणि दर वेळी माझ्यापाशीच येत होतो. घरी रोज मागच्या दाराला विटाळ धुवून आत जाणारा मी. ह्या बायका विटाळाचं पाणी पाठवणार नाहीत, हे मला नाही तर कुणाला सुचायचं? आणि कौल हा शब्द त्यांच्या तोंडात घातला कुणी?

केराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी कळायला लागलं होतं. "माजं काय चुकलं का, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. वहीतल्यासारखंच.

डॉक्टरांनी गुंडाला आपल्या खोलीत बोलावून आजार कुठवर गेलाय ते सांगितलं. मुंबईला नेऊन काही होणार नाही, घरी न्या, जवळ बसा. बाटल्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मी त्यांना केराबाईची हकिगत सांगितली होती. ते म्हणाले, "त्या बाईला आता कळून काय उपयोग?" त्यामुळे त्या घरात कुणालाच बाटल्यांचं कळलं नाही. चांगुलपणा म्हणा किंवा भित्रेपणा, माझ्या बाबतीत दुसरंच खरं आहे.

निघण्याआधी मायाक्काने मला बोलावलं. ती उशाला टेकून बसली होती. बोलताना धाप लागत होती, पण डोळे तेच, पिंजऱ्यापाशी बसून प्रश्न विचारणारे.

"किती ससं गेलं माज्यापायी ह्या डावाला?"

"तीन."

"ठिपकं आलं?"

गुंडा दाराशी पाठमोरा उभा होता. खोटं बोलायला मला एक क्षण पुरला असता. पण आयुष्यभर केलेलं ते एकच काम, ठिपके आहेत की नाहीत ते सांगायचं.

"आले," मी म्हणालो.

"किती पान्यापातूर?"

"पाचशे पट."

ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. मागच्या वेळी दोनशे होतं, ते तिला आठवत असणार. मग तिचा हात चादरीखाली हलला आणि पोटावर जाऊन थांबला.

"मंजी लई हाय की," मायाक्का म्हणाली, आणि हसली.

मला बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी तिला काही सांगितलं नव्हतं, गुंडाने सांगितलं नसतं. मी तिची उशी सारखी केली आणि बाजूला झालो. ती तशीच हसत असताना तिला गाडीत घातलं.

महिन्याने, नेमक्या बाटलीच्या दिवशी, गुंडा आला. घोंगड्यात गुंडाळलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली. मी दचकलो. बाटली रिकामी होती, राखेने घासून लख्ख केलेली.

"तुमची व्हती," तो म्हणाला. "द्याची ऱ्हायलीवती."

मायाक्का घरी गेल्यावर अकराव्या दिवशी गेली होती. शेवटपर्यंत पोटावरचा हात काढला नाही, म्हणाला. जाताना केराबाईला सांगून गेली, घरात ससा शिजवायचा नाही. मी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला आणि पिंजऱ्यांकडे बघत बसून राहिला. आत एक मादी लसूणघास खात होती, दुसऱ्या कुणा बाईसाठी तीन आठवड्यांपासून एकटी ठेवलेली.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"त्या ठिपक्यांवरनं कळतंय का? पोरगा व्हता का पोरगी?"

मी वहीत बघितलं. नववी ओळ, मायाक्का, रंग, घनता, ठिपके, रक्तस्राव. तेवढ्या एका ओळीत चौथा रकाना मी खरा भरला होता.

"ते सशाला कळत नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं आणि मोटार चुकेल म्हणून उठला.